हौशीराम गुळव्याच्या नारिंगी गोळ्या

बोरी बुद्रुकच्या पंचक्रोशीत गुऱ्हाळं चिक्कार होती, पण गुळव्या म्हणावा असा एकच, हौशीराम. काहिलीत रस उकळायला लागला की हा माणूस जवळ उभा राहायचा आणि नुसत्या वासावर सांगायचा, "अजून दोन चिपाडं घाला," किंवा "आता जाळ वढा." मग पाण्यात थेंब टाकून गोळी बघायचा, बोटानं चाटायचा, आणि जीभ टाळ्याला लावून एकदा डोळे मिटायचा. डोळे उघडले की काहील उतरवायची. त्याच्या हातची ढेप फुटली तर खण्णकन आवाज व्हायचा आणि रंग असा यायचा की नारायणगावचे व्यापारी भावाची घासाघीस विसरायचे.

माणूस तसा नेक, पण अंगात खोड फार. गुऱ्हाळावर पाहुणा आला की गरम काकवी द्यायची आणि ती जिभेला चटका देणार हे त्याला सांगायचं नाही. शाळेत नवे गुरुजी आले तेव्हा त्यानं त्यांना पटवून दिलं होतं, की उसाच्या रसावरची मळी अंगाला लावली तर माणूस गोरा होतो. गुरुजींनी लावली. दोन दिवस गावातल्या सगळ्या माशा गुरुजींच्या मागे होत्या.

ह्या माणसाला एका गोष्टीचं मात्र फार भय होतं. सुई. लहानपणी देवीची टोचणी करायला माणूस आला तेव्हा हा कणगीत जाऊन बसला होता, आणि पन्नाशी उलटली तरी इंजेक्शनचं नाव काढलं की त्याला कुठंतरी तातडीचं काम निघायचं.

शहाण्णव सालच्या थंडीत त्याला सर्दी झाली. दर वर्षीच व्हायची. एका बाजूला काहिलीखालच्या चुलवणाची धग, दुसऱ्या बाजूला कुकडी नदीवरून येणारा गार वारा, मधे हौशीराम. पण त्या वर्षी नाक असं बंद झालं की वासच येईना. एक काहील लागली. गूळ काळा पडला आणि शेतकरी तोंडावर काही बोलला नाही, हेच हौशीरामला जास्त झोंबलं.

त्याच आठवड्यात त्याचा मेव्हणा गोकुळ भोसरीहून आला. गोकुळ तिथं एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होता. काठ उडालेल्या, टवके गेलेल्या गोळ्या तिथं कामगारांना मिळायच्या. त्यानं पिशवीतून एक डबा काढला. आत दोनेक हजार नारिंगी गोळ्या, रुपयाएवढ्या.

"दाजी, ही व्हिटॅमिन सी. चघळायची. सर्दीचा बाप बी जवळ येत न्हाई."

"कडू हाये का?"

"संत्र्यासारखी लागतीय."

हौशीरामनं एक तोंडात टाकली. आंबटगोड, जिभेवर झिणझिण्या. गुळव्याच्या जिभेला ती चव एकदम आवडली. गोकुळ म्हणाला, रोज एक घ्या. परदेशात कोणी एक फार मोठा शास्त्रज्ञ होता, तो म्हणे रोज ओंजळभर घ्यायचा आणि नव्वदी गाठून गेला. हे दुसरं वाक्य गोकुळनं सांगायला नको होतं.

पाचव्या दिवशी हौशीरामचं नाक मोकळं झालं. सर्दी सुरू होऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते, म्हणजे ती तशीही जायलाच टेकली होती, पण हा हिशोब कोण करतो? श्रेय गोळीला गेलं. आणि हौशीरामचं डोकं चालू लागलं. एक बैल नांगर ओढतो, पण चार लावले तर नांगर कसा जाईल? त्यानं चार गोळ्या सुरू केल्या. मग सहा. संक्रांतीपर्यंत तो दिवसाला बारावर गेला. सदऱ्याच्या खिशात गोळ्या, कानाच्या पाळीमागं विडी ठेवायच्या जागी एक गोळी. चुलवणापुढं घाम गाळताना तो ती कडाकडा चावायचा.

पोट ढिलं झालं. सकाळी दोनदा, कधी तीनदा त्याला ओढ्याकडं जावं लागे. तो सांगायचा, "घाण जातीय आतली." दात आंबले, भाकरी चावताना कळ यायला लागली. त्याला तो म्हणाला, "हिरड्या मजबूत व्हाया लागल्यात, म्हणून दुखतंय." बायको इंद्रायणी शांत बाई. ती एवढंच म्हणाली, "अवो, आंब्याच्या झाडाला बी शेण मोजून घालत्यात."

"झाडाला काय कळतंय," हौशीराम म्हणाला.

तिला विचारलं की तो सांगायचा, रोज दोनच घेतो. डबा मात्र दोनच्या हिशोबानं खाली जात नव्हता.

फेब्रुवारीत शाळेत आरोग्य शिबिर भरलं. आळेफाट्याला दवाखाना असलेले डॉक्टर आणि त्यांच्याकडं तपासणीचं काम करणारा सयाजी, असे दोघे आले होते. सयाजी तिशीतला, चष्मा लावणारा, कामाला फार काटेकोर. टेबलावर त्यानं स्पिरिटचा दिवा लावला होता. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि तापवायचं. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटकरी, म्हणजे भरपूर.

सुई नाही म्हटल्यावर हौशीरामही रांगेत उभा राहिला. गावातल्या पन्नास जणांच्या नळ्या निळ्या राहिल्या. दोघांच्या हिरव्या झाल्या. हौशीरामची नळी दिव्यावर धरली तशी उकळीच्या आधीच पालटली आणि बघता बघता कौलासारखी लाल झाली. सयाजीनं चष्मा पुसला.

"तात्या, तुम्हाला शुगर आहे. लई आहे."

 कोणीतरी म्हणालं, "गुळव्याला गोडाचा रोग," आणि अख्खी शाळा हसली. तीस वर्षं हौशीराम लोकांना हसत आला होता. त्या सगळ्यांनी ते व्याजासकट त्या एका दुपारी परत केलं. सर्वांत मोठ्यानं ते गोरे व्हायला निघालेले गुरुजी हसले.

डॉक्टर मात्र सावध माणूस. ते म्हणाले, "हौशीरामभाऊ, नुसत्या लघवीवर मी औषध देणार नाही. उपाशीपोटी या, रक्त तपासू. तोवर गोड बंद."

"येतो की," हौशीराम म्हणाला, आणि आळेफाट्याच्या बाजूला फिरकला नाही.

गोड मात्र बंद झालं. इंद्रायणीनं ते मनावर घेतलं. सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी मेथ्या. चहा बिनसाखरेचा. हौशीराम गुऱ्हाळावर जायचा, पण चाटायची सोय राहिली नाही, कारण शेतकरीच हात धरायचे. "तात्या, नगं, जीव मोठा हाये." नुसत्या वासावर आणि रंगावर गूळ उतरवायचा म्हणजे ढोलकीशिवाय तमाशा. त्याच्या तोंडाला चव राहिली नाही. मग करायचं काय? नारिंगी गोळी. ती तर औषध, ती गोडात कशी धरायची? बाराच्या सोळा झाल्या.

दर पंधरा दिवसांनी सयाजी बोरीत यायचा आणि नळी तापवायचा. दर वेळी लाल. तिसऱ्या वेळी तर निळं औषध दिव्यापर्यंत पोचायच्या आतच रंग बदलायला लागलं.

"तात्या, चोरून खाता का?"

"आईची आण, गुळाचा खडा बघितला न्हाई."

इंद्रायणीनं दुसऱ्या दिवसापासून कारलं दुप्पट केलं.

गावात रखमाजी नावाचा एक गृहस्थ होता. त्याला खरीखुरी शुगर होती, दहा वर्षांची, आणि आपण आजारातले जाणकार आहोत असा त्याचा समज होता. तो हौशीरामला म्हणाला, "सुईला भितूस ना? मग नगं जाऊ. ही माझी गोळी घे. सकाळी एक. पंधरा दिवसांत निळं झालं न्हाई तर माझं नाव बदल."

फुकट सल्ला आणि बिनसुईचा इलाज. हौशीरामनं सकाळी उठून रखमाजीची गोळी गिळली, वर कारल्याचा रस घेतला आणि भाकरी न खाताच गुऱ्हाळावर गेला.

साडेदहाच्या सुमाराला दुसरी काहील रंगात आली होती. हौशीराम काठावर उभा होता. आधी त्याचे हात कापायला लागले. त्याला वाटलं, ताप चढतोय. मग घाम सुटला, चुलवणाचा नव्हे, गार घाम. रसावरचा फेस त्याला जवळ येतोय, लांब जातोय असा दिसायला लागला. जाळ घालणारा चिमाजी आहुप्याचा, डोंगरातला गडी, दर हंगामात कामाला यायचा. त्यानं खालून बघितलं तर गुळव्या उकळत्या काहिलीवर झुकत चाललेला. चिमाजीनं हातातली चिपाडं टाकली, धाव घेतली आणि त्याचा सदरा मागून धरून ओढलं. दोघेही राखेच्या ढिगात पडले.

हौशीरामचे डोळे पांढरे, दातखीळ बसायच्या बेतात. लोक धावले. कोणी कांदा आणा म्हणालं, कोणी चप्पल.  डोंगरात भुकेनं पडलेल्याला गूळच चारतात, म्हणून चिमाजीनं गूळ निवायच्या वाफ्याच्या काठावरचा मऊ गूळ बोटावर घेतला आणि हौशीरामच्या गालात चोपडला.

"अरं, शुगर हाये त्याला," कोणीतरी ओरडलं.

"मरूं दे ती शुगर," चिमाजी म्हणाला आणि आणखी एक बोट चोपडलं.

दहा मिनिटांत हौशीराम उठून बसला. पाणी मागितलं. तोंडात गुळाची चव होती, दीड-दोन महिन्यांनी. त्यानं जीभ टाळ्याला लावली, डोळे मिटले आणि म्हणाला, "ह्यो गूळ दोन मिन्टं आधी उतारला रं."

त्या दिवशी त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मरणाचा विचार आला. घरी जाऊन तो खाटेवर पडून राहिला. इंद्रायणी पायाशी बसली होती. तिचं तोंड उतरलं होतं, आणि तेव्हा कुठं त्याला दिसलं की ती वाळली आहे.

"तुला काय झालं?"

"काय न्हाई. तुमच्या संगट मी बी गोड सोडलंय. कारलं बी पितीय."

"तुला कुणी सांगितलं व्हतं?"

"एकट्यानं कडू प्यायला जीवावर येतं माणसाच्या," ती म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

 हौशीरामच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. शुगर असलेल्या माणसाला गूळ चारला तर तो बिघडायला पाहिजे. आपण तर उठून बसलो. म्हणजे एक तर रोग खोटा, नाहीतर सयाजीची नळी खोटी. रोगाची परीक्षा घ्यायची तर सुई आली. त्यापेक्षा नळीची परीक्षा घ्यावी. आणि कोणाची तरी परीक्षा घ्यायची म्हटल्यावर हौशीरामच्या अंगात जुनी खोड जागी झाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या धुतल्या. एकीत स्वतःची लघवी भरली. दुसरीत नळाचं पाणी घेतलं. पण पाणी पांढरं, सयाजी लगेच ओळखील. रंग पाहिजे. त्यानं खिशात हात घातला, नारिंगी गोळी काढली, चुरली आणि पाण्यात ढवळली. फडक्यानं गाळल्यावर रंग अगदी हुबेहूब. झाकणावर कागद चिकटवून त्यानं लिहिलं, ठकूबाई, वय ऐंशी. अशी कोणी बाई बोरीत नव्हती.

एसटीनं तो आळेफाट्याला उतरला. फाट्यावर नाशिकच्या आणि नगरच्या गाड्यांची, ट्रकांची, गॅरेजच्या ठोकाठोकीची नेहमीची गर्दी. त्यातून वाट काढत तो दवाखान्याच्या मागच्या खोलीत गेला.

"सयाजी, ही माझी. आन् ही आमच्या शेजारच्या ठकूबाईची. म्हातारीला लई तहान लागतीय म्हनं."

सयाजीनं आधी हौशीरामची नळी केली. लाल. मग ठकूबाईची. थेंब पडले, नळी दिव्यावर गेली, आणि क्षणात आतलं सगळं विटेच्या चुऱ्यासारखं लाल होऊन तळाशी बसलं. एवढं लाल सयाजीनं नोकरीत पाहिलं नव्हतं. तो उभाच राहिला.

"तात्या, ही बाई कुठंय? चालती-फिरती आहे का?"

"आहे की. सकाळी शेण्या थापत व्हती."

"हिला आत्ताच्या आत्ता घेऊन या. ही बाई जगायची नाही. हिला शुद्ध तरी कशी आहे, मला कळत नाही. मी डॉक्टरांना सांगतो, गाडी पाठवू."

हौशीरामनं ओठ दाबून धरले. मग त्याला ते जमेना. तो स्टुलावर बसला आणि असा हसला की बाहेरचे पेशंट डोकावायला लागले.

"अरं सयाजीराव, ते नळाचं पानी हाये. तुझ्या नळीला पान्यात बी शुगर दिसाया लागली."

सयाजीचं तोंड पडलं. आवाज ऐकून डॉक्टर आत आले. त्यांनी काय झालं ते ऐकलं आणि त्यांना राग यायला हवा होता, पण त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली.

"नुसतं पाणी?"

"पानी. आन् रंगाला एक गोळी."

"कसली गोळी?"

हौशीरामनं खिशातून मूठ काढून टेबलावर ठेवली. अकरा नारिंगी गोळ्या. डॉक्टरांनी एक उचलली, वास घेतला.

"रोज किती खाता?"

"दोन," हौशीराम म्हणाला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, आढ्याकडं बघत तो म्हणाला, "सोळा."

डॉक्टर खुर्चीत बसले. कपाटातून त्यांनी व्हिटॅमिन सीच्या इंजेक्शनची एक काचेची कुपी काढली. ती बघताच हौशीराम दाराकडं सरकला. "तुम्हाला नाही," डॉक्टर म्हणाले. "सयाजी, ह्यात साखरेचा कण नाही. चार थेंब पाण्यात टाक आणि तापव."

नळी लाल झाली.

डॉक्टर स्वतःवरच हसले. "कॉलेजात एक ओळ वाचली होती. परीक्षेत आली नाही म्हणून विसरलो. हे औषध साखरेला ओळखत नाही हो. निळ्याचं लाल करणारी कुठलीही चीज आली की ते लाल होतं. साखर करते, तशी ही गोळीही करते. तुमच्या अंगाला लागतं ते एका गोळीच्या पाचव्या हिश्शाहून कमी. एक पेरू खाल्ला की भागलं. बाकीच्या पावणेसोळा गोळ्या तुम्ही ओढ्याला आणि माझ्या सयाजीला देत होता."

"म्हंजी गोळी खोटी?"

"खोटी नाही. ज्याच्या खाण्यात भाजी नाही, फळ नाही, त्याच्या हिरड्यांतून रक्त येतं, जखम भरत नाही. त्याला हिच्यासारखं औषध नाही. सर्दीचं म्हणाल, तर बारा महिने घेणाऱ्याची सर्दी अर्धा दिवस लवकर जात असेल. सर्दी झाल्यावर सुरू करून काही होत नाही. आणि दिवसाला चारच्या वर गेलात की पोट जातं. मूतखडा होऊ शकतो. झाला असता तर तुम्ही हसला नसता."

मग डॉक्टरांनी रखमाजीच्या गोळीचं ऐकलं, आणि तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. साखर वाढलेलीच नसेल तर ती गोळी आहे ती साखरही खाली ओढते, म्हणून चक्कर आली; काहिलीत पडला असता तर कोणाला काय सांगितलं असतं, असं ते म्हणाले. 

"आता रक्त द्यायचं," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी उपाशी. आणि इंद्रायणीबाईंना बरोबर आणा. तुमच्यावर माझा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी इंद्रायणीनं त्याचा हात धरला. हौशीरामनं डोळे मिटले, आणि सुई आत जाऊन बाहेर आली तरी ते उघडले नाहीत. रक्तातली साखर निघाली ब्याण्णव. अगदी निकोप. आठवडाभर नारिंगी गोळी बंद केली आणि सयाजी बोरीला आला. नळी तापवली, उकळली, पुन्हा उकळली. आकाशासारखी निळी. हौशीरामनं ती हातात धरून सबंध गल्लीला दाखवली. गुरुजींच्या घरापुढं तर तो जरा जास्तच थांबला.

घरात मात्र निकाल वेगळा लागला. इंद्रायणीनं त्याच्यापुढं कारल्याच्या रसाचा पेला ठेवला.

"आता कशाला? निळी झाली न्हवं?"

"शुगरचं न्हाई हे. दोन सांगून सोळा खाल्ल्याचं हाये. अकरा दिवस."

तो पंधरा मिनिटं वाद घालत होता. मग त्यानं पेला उचलला. अकराही दिवस त्यानं निमूट प्यायला, आणि बाराव्या दिवशी काकवीची बाटली आणून आधी तिच्या हातात दिली.

राहिलेला डबा त्यानं गोकुळला परत केला नाही, टाकलाही नाही. दवाखान्यात नेऊन दिला. डॉक्टरांनी तो कपाटात ठेवला आणि चिठ्ठी लिहायच्या आधी प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतली, "घरी आणखी काय-काय घेता?" रखमाजीनं सल्ले देणं काही थांबवलं नाही, पण स्वतःच्या गोळ्या तो कुलपात ठेवायला लागला. चिमाजीला हौशीरामनं पुढच्या हंगामापासून जाळावरून वर घेतलं आणि गोळी बघायला शिकवलं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला एसटीत, बाजारात, लग्नाच्या मांडवात टाय लावलेली माणसं फिरायला लागली. हातात रंगीत पुस्तक, पिशवीत डबे. असाच एक तरुण जुन्नरहून आळेफाट्याला येताना हौशीरामच्या शेजारी बसला. साठीचा म्हातारा बघून त्याला हुरूप आला. त्यानं डबा उघडून दाखवला. आवळ्याचा अर्क, हजार मिलीग्रॅमची गोळी, सर्दी, सांधे, हृदय, सगळ्यावर एकच.

"साइड इफेक्ट अजिबात नाही, काका. नैसर्गिक आहे."

"वा," हौशीराम म्हणाला. "रोज किती घ्यायच्या?"

"दोन. पण जास्त घेतल्या तरी काही होत नाही."

"सोळा चालतील?"

पोरगा अडखळला. "चालतील की."

"मग लघवी तापवल्यावर कुठला रंग येतो?"

बसमधली माणसं वळून बघायला लागली. पोरगा पुस्तकाची पानं उलटू लागला. हौशीराम अगदी गरीब चेहरा करून त्याच्याकडं बघत राहिला, आणि मग हळूच त्याला ठकूबाईची गोष्ट सांगायला लागला, वय ऐंशी, सकाळी शेण्या थापत असलेली. ओतूर गेलं, आळेफाटा आला. पोरगा गोष्टीत इतका अडकला होता की उतरायचं विसरला, आणि कंडक्टरनं त्याला पुढच्या थांब्यावर उतरवलं.